नॉकचं एक समीकरण आणि येवल्यातली टर्बो गाडी

मे महिन्यात येवल्याला घरी होतो. मामाच्या मुलाने त्याच्या पेट्रोल गाडीला मोठा टर्बो बसवून घेतला होता. "दादा, तू ज्वलनावरच पीएचडी करतोयस ना? बूस्ट ०.८ बारवरून १.२ वर नेला तर चालेल का, सांग." मी कागद घेतला आणि पाच मिनिटांत चुकलो.

मी वापरलं ते दुओ आणि एझा यांचं १९७८ चं समीकरण. हेवूड यांच्या १९८८ च्या जाड पुस्तकात ते सापडतं आणि एम.एस्सी.च्या प्रोजेक्टपासून थीसिसपर्यंत सगळे ते उचलतात. स्पार्कनंतर ज्योत पसरत जाते आणि कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं. ज्योत पोचायच्या आधीच ते स्वतःहून पेटलं की नॉक. हे मिश्रण किती वेळ तग धरेल, ते समीकरण सांगतं. हा वेळ दाबाच्या १.७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतो, ऑक्टेनच्या ३.४ व्या घाताने वाढतो आणि तापमान वाढलं की घातांकी वेगाने कमी होतो.

माझी चूक? मी गेजवरचा दाब घातला. १.२ भागिले ०.८ म्हणजे दीडपट, म्हणून वेळ निम्मा! पण समीकरणाला निरपेक्ष दाब लागतो, म्हणजे २.२ भागिले १.८. मग वेळ साधारण ७१ टक्के उरतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे एकदा तपासाच.

आता या समीकरणाबद्दल माझं मत. ते सुंदर आहे, कारण मोजता येणाऱ्या तीनच गोष्टींवर उभं आहे. पण ज्या निर्धास्तपणे आपण ते वापरतो, तेवढं ते पेलत नाही. ते बेतलंय आयसोऑक्टेन आणि हेप्टेनच्या मिश्रणांवर. आपल्या पंपावर मिळतं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. (पानेवाडीच्या डेपोतून निघालेले टँकर मनमाड रस्त्यावर रोज दिसतात, त्यांच्या पोटात काय आहे हे दुओ-एझांना कुठून माहीत असणार.) शिवाय खऱ्या इंधनात काही पट्ट्यात तापमान वाढलं तर पेटायला उलट जास्त वेळ लागतो. एका साध्या घातांकी पदात हे बसतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नॉक कधी सुरू होईल एवढंच ते सांगतं. किती जोरात होईल, पिस्टन वाचेल की नाही, हे सांगत नाही. प्रबंधात "सुरक्षित" हा शब्द त्याच्या जिवावर लिहू नका.

तापमानाचं पद मात्र लोक उगाच दुर्लक्षतात. न जळलेला वायू ८०० केल्विनवरून ८३० वर गेला, तर सुमारे सहावा हिस्सा वेळ जातो. येवल्यातल्या मे महिन्यात, त्यातही छोटाच इंटरकूलर तसाच ठेवलेला असेल, तर ७१ टक्के हा आकडासुद्धा आशावादी ठरतो.

म्हणून कागद बाजूला ठेवला. रस्त्यावर नाही, डायनोवर गेलो. आधी एक ग्रेड थंड प्लग, इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे राहतात ते पाहिलं (८५ च्या पुढे नको), मग स्पार्क थोडा उशिरा करून बूस्ट पुन्हा ०.८ वर. तिथून ०.१ च्या पायऱ्या. मिश्रण लॅम्डात वाचलं, हवा-इंधन गुणोत्तरात नाही. शुद्ध पेट्रोलचं १४.७ हे ई-२० साठी साधारण १३.५ होतं आणि तिथे गडबड सहज होते.

१.० बारला नॉक सेन्सरमुळे ईसीयू तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क मागे ओढू लागला. आम्ही ०.९ वर परतलो. भावाला १.२ हवं होतं, दिवसभर तोंड पाडून बसला.