इमारत कुणाची, चित्र कुणाचं?

फ्रँक लॉइड राइटच्या सुरुवातीच्या घरांची रेखाटनं पाहताना घराच्या आधी झाडं दिसतात. फांद्या, वेली, पानांचे झुपके पार कडेपर्यंत आलेले, आणि त्यांच्यामागे जमिनीला बिलगून आडवं पसरलेलं घर. जपानी छापचित्रांची आठवण करून देणारी ही शैली आपण ‘राइटची’ म्हणून ओळखतो. पण त्यातली बरीच चित्रं मॅरियन महोनीच्या हातची आहेत.

मॅरियन १८७१ साली शिकागोत जन्मली. एमआयटीतून आर्किटेक्चरची पदवी घेणारी ती दुसरी स्त्री (१८९४), आणि इलिनॉय राज्यात आर्किटेक्टचा परवाना मिळवणारी पहिली. १८९५ पासून, मध्ये खंड पडत, सुमारे चौदा वर्षं ती राइटसाठी काम करत होती. १९१०मध्ये बर्लिनहून राइटच्या कामाचा वासमुथ पोर्टफोलिओ निघू लागला. युरोपातल्या तरुण आर्किटेक्टना राइट भेटला तो या शंभर चित्रपानांतून. त्यातली जवळपास निम्मी तिच्या रेखाटनांवर बेतलेली आहेत, असं अभ्यासक मानतात. पोर्टफोलिओवर नाव मात्र एकाचंच.

साउथ बेंडमधल्या डीरोड्स यांच्या घराच्या चित्रावर राइटने पुढे स्वतःच नोंद केली: महोनीने काढलेलं, राइट आणि हिरोशिगे यांच्यानुसार. म्हणजे श्रेय दिलं, पण देतानाही तिच्यामागे दोन पुरुष उभे केले!

मॅरियनची गोष्ट हल्ली दोन प्रकारे सांगितली जाते. एक, ती उत्तम चित्रकार होती, डिझाइन इतरांचं. दुसरी, खरी प्रतिभा तिचीच, पुरुषांनी ती लाटली. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींमध्ये चित्र ही डिझाइन झाल्यावर चढवायची सजावट आहे. तसं नाही हे कॅनबेराच्या चित्रांत दिसतं.

१९११मध्ये मॅरियनने वॉल्टर बर्ली ग्रिफिनशी लग्न केलं. तोही राइटच्या ऑफिसात काम केलेला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाने नव्या राजधानीसाठी जागतिक स्पर्धा जाहीर केली होती. दोघांनीही ती जागा पाहिलेली नव्हती. वॉल्टरच्या आराखड्याचा गाभा असा, की शहराचे मुख्य अक्ष डोंगरांना धरून आखायचे. नुसत्या नकाशावर ही फक्त एक सरळ रेघ. मॅरियनने आपल्याला माउंट एन्स्लीच्या माथ्यावर नेऊन उभं केलं. खाली शहर, पुढे पाणी, आणि सगळ्याच्या पलीकडे डोंगररांग. इमारती ठेंगण्या, जमीन मोठी. त्या रेघेचा अर्थ इथे उलगडतो. १३७ प्रवेशिकांमधून मे १९१२मध्ये पहिलं बक्षीस मिळालं. प्रवेशिका वॉल्टरच्या नावाने होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते, पण ती ओळ लिहायची कल्पना फळ्यासमोर उभं राहून कुणी मांडली, ते त्या नोंदीत नसतं. आर्किटेक्चरमध्ये उलट: कल्पनेला नाव मिळतं, ती कागदावर उतरवणारा हात विसरला जातो. दोन्हीकडे गृहीतक एकच, की विचार करणं आणि प्रत्यक्ष काढणं वेगवेगळं असतं. कॅनबेराच्या चित्रात ते वेगळं काढता येत नाही.

पण मॅरियनची बाजू घेणाऱ्यांची खरी अडचण मॅरियन स्वतःच करते. १९३५मध्ये वॉल्टर लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम घेऊन भारतात आला, पुढच्या वर्षी तीही आली. फेब्रुवारी १९३७मध्ये वॉल्टर लखनौतच वारला. शिकागोला परतून तिने ‘द मॅजिक ऑफ अमेरिका’ हे १,४००हून जास्त पानांचं आत्मकथन रचलं. त्याचे चार भाग म्हणजे चार लढाया. पहिलीच भारतातली. राइटबद्दल ती कडवटपणे लिहिते. वॉल्टर मात्र या कहाणीचा नायक आहे, आणि ती स्वतः बहुतेक वेळा त्याच्या मागे.

याला नुसती पतिभक्ती म्हणून मोकळं होता येईल. मला तसं वाचवत नाही. या बाईने १,४०० पानं लिहिली, जपली, ग्रंथालयांच्या हवाली केली. नोंद राहिली पाहिजे हे तिला पक्कं माहीत होतं. फक्त ‘हे माझं, ते त्याचं’ अशी वाटणी तिने केली नाही. त्या दोघांचं काम तसं वाटण्याजोगं नव्हतंच, असं मला वाटतं.

१९६१मध्ये ती वारली, तेव्हा हे लिखाण छापलेलं नव्हतं. २००७मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ते ऑनलाइन आणलं. आता ते फोनवरही वाचता येतं. तिला न्याय द्यायला वॉल्टरचा आराखडा तिच्या नावे करायची गरज नाही. माउंट एन्स्लीवर उभं राहून तो पहिल्यांदा कुणी पाहिला आणि दाखवला, तेवढं आराखड्याखाली लिहिलं पाहिजे.