आहुजाचा टॉवेल: खऱ्या खुनाचा रस

जुन्या खून खटल्यांवरच्या मालिका आज घरोघरी पाहिल्या जातात. त्या पाहून गुन्हे वाढतात का, हा नेहमीचा वाद मी बाजूला ठेवतो. माझा प्रश्न वेगळा आहे. खऱ्या खुनातून आपण जो रस घेतो, त्याची किंमत कोण मोजतं?

आपल्या रसविचारात 'साधारणीकरण' नावाची कल्पना आहे. भट्टनायकाने ती मांडली, अभिनवगुप्ताने पुढे नेली. रंगमंचावरचं दुःख माझंही नसतं आणि शेजाऱ्याचंही नसतं. ते कुणा एकाचं उरत नाही, म्हणूनच आपण शोकाचाही आस्वाद घेऊ शकतो. पण खून खराखुरा असला की तो कुणा एकाचाच असतो. इथे मालिका एक युक्ती करतात. सुरुवातीला पाटी येते: 'सत्य घटनेवर आधारित'. पाठोपाठ दुसरी: 'काही पात्रं व प्रसंग काल्पनिक'. पहिल्या पाटीने थरार मिळतो, दुसरीने जबाबदारी टळते. आणि मेलेला माणूस या दोन पाट्यांच्या मधे सापडतो.

नानावटी खटलाच घ्या. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजावर गोळ्या झाडल्या. पत्नीने आहुजाशी असलेले संबंध त्याच दिवशी कबूल केले होते. झटापटीत पिस्तूल उडालं, असं बचावाचं म्हणणं. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. का? दोनच गोष्टी सांगतो. घरातून निघाल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता. आणि दुसरी गोष्ट टॉवेलची. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता. झटापट झाली असती, तर कमरेचा टॉवेल जागेवर राहिला असता का?

बघा, न्यायालयात हा टॉवेल म्हणजे प्रमाण होता. मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा जवळपास एकमेव साक्षीदार! पण बाहेर रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातली 'नानावटी पिस्तुलं' विकली जात होती. म्हणजे प्रमाणाचा खेळणा तेव्हाच झाला होता. पडदा नंतर आला.

२०१६ चा 'रुस्तम' तर याच्याही पुढे गेला. नायकाची बाजू बळकट करायला त्याने संरक्षण खात्यातल्या भ्रष्टाचाराचं कथानक जोडलं आणि मारला गेलेला माणूस त्यात सामील दाखवला. नावं बदलली, पण खटला कोणता हे सगळ्यांना ठाऊक होतंच. आता सांगा, बदनामी कुणाची झाली? २०१९ ला याच खटल्यावर वेब मालिकाही आली. प्रत्येक पिढीला नायक नवा मिळतो. आहुजाला मात्र प्रत्येक वेळी नव्याने मरावं लागतं.

कुणी म्हणेल, 'सर, अशा चित्रणामुळे निरपराध माणसं सुटलीही आहेत.' अगदी बरोबर. एरल मॉरिस यांचा १९८८ चा माहितीपट 'द थिन ब्लू लाइन' पाहा. टेक्सासमध्ये एका पोलिसाच्या खुनासाठी तुरुंगात असलेला रँडल ॲडम्स पुढच्या वर्षी सुटला. मॉरिसनेही खुनाचा प्रसंग नटांकडून करवून घेतला आहे. पण तो एकदा नाही, अनेकदा. साक्षीदार बदलला की प्रसंगही बदलतो. 'असंच घडलं' असं तो आपल्याला सांगत नाही. 'हा माणूस असं सांगतोय, तुम्हाला पटतं का?' असं विचारतो. तिथे अभिनय साक्षी तपासायला वापरला आहे. मालिकांमध्ये बहुतेक वेळा तो साक्षीच्या जागी येऊन बसतो.

म्हणून मालिका संपल्यावर 'खुनी कोण' हे कळलं का, एवढंच विचारू नका. मेलेल्या माणसाबद्दल तुम्हाला काय कळलं, ते विचारा. आणि जे कळलं, ते पुराव्यातून आलं की पटकथेतून? हे सांगता येत नसेल, तर आपण सत्य पाहिलं असं म्हणू नये. करमणूक झाली म्हणावं. त्यात गैर काही नाही. फक्त ती कुणाच्या जिवावर झाली, एवढं लक्षात ठेवावं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.