रसविघ्न आणि रहस्यपट : ‘मेमरीज ऑफ मर्डर’चे प्रेक्षक

रहस्यपटाच्या प्रेक्षकाचे मत बहुधा शेवटावर बेतलेले असते. गुन्हेगार कोण हे कळले, आणि ते कळणे आधीच्या सूचनांशी सुसंगत ठरले, की प्रेक्षक समाधानाने उठतो. बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) हा कोरियन चित्रपट हे समाधान नाकारतो. तरीही प्रदर्शनाच्या वर्षी दक्षिण कोरियात पन्नास लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला आणि पुढे जगभरच्या प्रेक्षकांनी तो आपलासा केला. त्याविषयीची प्रेक्षकमते मात्र एकसारखी नाहीत, आणि २०१९ नंतर तर त्यांचा पायाच हलला. या मतांमागील आस्वादव्यापाराचा विचार प्रस्तुत लेखात अभिनवगुप्तांच्या रसविघ्न-संकल्पनेच्या आधारे करावयाचा आहे.

चित्रपटाला आधार आहे तो ग्यॉन्गी प्रांतातील ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या दहा स्त्रियांच्या हत्यांचा. किम क्वांग-रिम यांच्या १९९६ मधील नाटकाचाही पटकथेला आधार आहे. डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखता येतो असे मानणारा स्थानिक पोलीस पार्क दू-मान आणि कागदपत्रांवर विसंबणारा, सोलहून आलेला सो ते-युन या दोघांभोवती कथानक फिरते. दोघांच्याही पद्धती निष्फळ ठरतात. मूळ कोरियन शीर्षकातील ‘चुओक’ या शब्दाला जिव्हाळ्याच्या स्मृतीची छटा आहे. मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द त्याच्या जवळ जाईल. हत्येशी असा शब्द जोडण्यातला उपरोध कोरियन प्रेक्षकाला शीर्षकातच जाणवतो. इंग्रजी शीर्षकावरून चित्रपटाकडे येणाऱ्याला तो क्वचितच जाणवतो.

अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील विवेचनात सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दोन येथे विशेष महत्त्वाची ठरतात. पहिले म्हणजे प्रेक्षकाने नाट्यार्थ स्वतःच्या किंवा परक्याच्या विशिष्ट देशकालाशी जखडून ठेवणे. दुसरे म्हणजे संशययोग : समोरची चिन्हे नेमक्या कोणत्या भावाची आहेत याविषयीची अनिश्चितता. ही विघ्ने दूर झाल्याशिवाय साधारणीकरण नाही आणि साधारणीकरणाशिवाय रसास्वाद नाही, अशी ही मांडणी आहे. प्रस्तुत चित्रपट मात्र ही दोन्ही विघ्ने जाणीवपूर्वक राखून ठेवतो.

संशययोगाचा विचार प्रथम करता येईल. चित्रपटाच्या पूर्वार्धात पोलिसांची धांदल हास्यास्पद आहे. घटनास्थळावरील एकमेव पाऊलखुणेवरून ट्रॅक्टर जातो. मतिमंद तरुणाकडून कबुली पढवून घेतली जाते. मारहाणीनंतर पोलीस आणि संशयित एकत्र बसून खातात आणि दूरदर्शनवरील पोलीसमालिका पाहतात. अनेक पाश्चात्त्य प्रेक्षकांना हा विनोद भयाशी विसंगत वाटतो, तर अनेकांना तोच चित्रपटाचा प्राण वाटतो. दोन्ही मतांत तथ्य आहे, कारण हसावे की भ्यावे हा निर्णय चित्रपट प्रेक्षकावर सोडतो. कोठडीतील मारहाणीला आपण हसलो होतो हे प्रेक्षकाला उशिरा उमगते. त्या क्षणी त्याचे हसणे हीच विचारार्ह गोष्ट बनते.

देशकालाचे विघ्न याहून गुंतागुंतीचे आहे. कोरियाबाहेरील प्रेक्षक या कथेचे साधारणीकरण सहज करतो. डेव्हिड फिंचर यांच्या ‘झोडिअॅक’शी (२००७) केली जाणारी तुलना याच प्रवृत्तीतून येते, न सुटणारा गुन्हा आणि त्यात झिजणारे शोधकर्ते एवढा सांगाडा दोन्हींत समान आहे. परंतु १९८० चे दशक जगलेल्या कोरियन प्रेक्षकाला नागरी संरक्षणाच्या सरावासाठी मालवलेले दिवे केवळ वातावरणनिर्मिती वाटत नाहीत. हत्या रोखण्यासाठी कुमक मागितली जाते तेव्हा सारे पोलीसबळ निदर्शने मोडण्यास गेल्याचे उत्तर मिळते. चुन दू-ह्वान यांच्या राजवटीत राज्ययंत्रणा कोणाविरुद्ध सज्ज होती आणि कोणाला वाऱ्यावर सोडत होती, हे त्या एका उत्तरातून स्पष्ट होते. येथे साधारणीकरण जितके सुलभ, तितका आशय उणा होतो.

एक आक्षेपही नोंदवावयास हवा. मृत स्त्रिया चित्रपटात बहुतांशी देहरूपानेच येतात. त्यांच्या आयुष्यांपेक्षा पुरुषांचे वैफल्य अधिक जागा व्यापते. पोलिसांच्या दृष्टीवर चित्रपट टीका करतो, परंतु तिच्या चौकटीबाहेर तो फारसा जात नाही. हा आक्षेप चित्रपटाच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवतो.

सर्वाधिक मतभेद आहेत ते शेवटाविषयी. २००३ साली पार्क पोलीसदलाबाहेर, विक्रीव्यवसायात आहे. पहिला मृतदेह सापडला होता त्या नाल्यापाशी तो थांबतो. काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस येथे डोकावून गेला, असे एक मुलगी सांगते. त्याचा चेहरा अगदी साधा होता. पार्क थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. खुनी हा चित्रपट पाहील आणि त्याच्या नजरेला ही नजर भिडावी, हा हेतू दिग्दर्शकाने मुलाखतींतून सांगितला आहे. साधारणीकरणाच्या सिद्धान्ताला हे सरळ आव्हान आहे. सर्व सहृदयांसाठी असलेली कलाकृती येथे एका विशिष्ट, अनामिक प्रेक्षकाला उद्देशून बोलते.

सप्टेंबर २०१९ मध्ये डीएनए-तपासणीतून ली चुन-जे याची ओळख पटली. अन्य एका हत्येसाठी तो १९९४ पासून तुरुंगात होता. म्हणजे २००३ साली पार्कची नजर ज्या प्रेक्षागृहांत फिरली त्यांपैकी एकातही तो नव्हता. ती नजर लाखो निरपराध माणसांवर पडली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यायालयात त्याने चौदा हत्यांची कबुली दिली. हा चित्रपट तुरुंगात पाहिला, केवळ चित्रपट म्हणून पाहिला, काहीही वाटले नाही, असेही त्याने सांगितले. ज्याला उद्देशून ती नजर होती, तोच असहृदय निघाला.

या उलगड्यामुळे चित्रपटाचे रहस्य संपले, असे मत तेव्हापासून मांडले जाते. ते टिकणारे नाही. बोगद्यापाशी अमेरिकेतून आलेला अहवाल संशयित तरुणाच्या विरोधात जात नाही. तरीही ‘खुनी हाच, केवळ पुरावा नाही’ असे मानणारे प्रेक्षक कितीतरी होते. ती खात्री आणि डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखण्याचा पार्कचा विश्वास एकाच जातीची आहेत. अशा खात्रीची किंमत प्रत्यक्षात एका माणसाने मोजली. आठव्या हत्येसाठी दोषी ठरवला गेलेला हा माणूस सुमारे वीस वर्षे तुरुंगात होता. डिसेंबर २०२० मध्ये पुनर्विचारात तो निर्दोष ठरला.

तेव्हा अभिनवगुप्तांच्या विघ्नांचा येथे वेगळा अर्थ लावावा लागतो. प्रेक्षकाचा आस्वाद जेथे अडतो, तेथे त्याच्या निवाड्याची घाई उघडी पडते. गुन्हेगाराचे नाव ठाऊक झाल्यानंतर चित्रपट पाहणाऱ्याला कोठडीतील मारहाणीच्या प्रसंगी हसणे अधिक अवघड जाते. प्रेक्षकमतात २०१९ नंतर झालेला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच मानावा लागेल.