टीप समासातच राहिली पाहिजे



आजचा विषय तसा बारका वाटेल. मोबाइलवर किंवा संगणकावर आलेल्या कागदावर, मग ती पीडीएफ असो की वर्डची फाइल, पैसे न मोजता टीप कशी लिहायची, शेरा कसा मारायचा, एवढाच. विषय खरोखर एवढाच असता तर पाच-सहा प्रोग्रामांची नावं वाचून दाखवून आम्ही खाली बसलो असतो. सोय आज फुकट मिळते, याबद्दल वाद नाही. पण फुकट मिळालेल्या सोयीने लिहिलेली टीप कुठे राहते, कुणाच्या नावावर राहते आणि दहा वर्षांनी ती कुणाला वाचता येते, हे कुणी विचारत नाही. आम्हाला आज त्यावरच बोलायचं आहे.

सुरुवात घरापासून करू. टीका म्हटलं की हल्ली कुणीतरी कुणाला तरी झोडपतंय, असं डोळ्यासमोर येतं. जुना अर्थ वेगळा होता. मुळातला अर्थ उलगडून सांगणं म्हणजे टीका. आपल्या जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी सांगितलेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली भावार्थदीपिका ही गीतेवरची टीकाच आहे. गीतेचे श्लोक 700, आणि ओव्या नऊ हजारांच्या घरात. टीका मुळाच्या कितीतरी पट मोठी झाली, तरी वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. श्लोक संस्कृतात, ओवी मराठीत. मूळ कुठलं आणि टीका कुठली, ही हद्द भाषेनेच आखून दिलेली आहे.

पुढे मात्र ज्ञानेश्वरी स्वतःच मूळ ग्रंथ झाली आणि हद्दीचा प्रश्न उभा राहिला. पुढची तीनशे वर्षं तिच्या नकला हाताने होत होत्या. हाताने नकला होतात तिथे काय घडतं, हे पोथ्या हाताळणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. कुणी समासात अवघड शब्दाचा अर्थ लिहितो. कुणाला एखाद्या जागी स्वतःची ओवी सुचते, तीही लिहून ठेवतो. पुढचा नकलाकार येतो, त्याला वाटतं, आधीच्याची राहून गेलेली ओवी नंतर समासात घातली असेल. तो ती उचलून मुळात बसवतो. यात लबाडी कुणाचीच नसते. तरी टीप मुळात झिरपते आणि मूळ गढूळ होतं.

पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती याच कारणाने. शेवटी त्यांनी एक बजावणीही लिहून ठेवली, की या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. आमच्या मते कागदावर शेरे मारण्यासंबंधी मराठीत लिहिलेला हा फार जुना आणि फार नेमका नियम आहे. नाथांनी टीका करू नका असं म्हटलं नाही. त्यांनी स्वतः भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहिली. त्यांचं म्हणणं इतकंच, की तुमचं तुमच्या जागी ठेवा.

मोठ्या माणसाबद्दल बोलताना आदर ठेवूनही एक उणीव सांगितली पाहिजे. नाथांनी कुठल्या ओव्या काढल्या, कुठले शब्द बदलले, याची यादी आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणून 1909 मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्या मते नाथांच्या आधीची असलेली प्रत छापली, तेव्हा पाठभेदाचा मोठा वाद सुरू झाला. शुद्ध प्रत हाती होती, पण शुद्धीची नोंद नव्हती. म्हणजे नियम दोन झाले. टीप मुळापासून वेगळी हवी. आणि बदल केला तर तो दिसायला हवा.

आता पीडीएफकडे या. हे नियम तिथे जसेच्या तसे लागू पडतात. पीडीएफच्या पानावर तुम्ही पिवळी रेघ ओढता किंवा चिठ्ठी चिकटवता, तेव्हा ती पानाच्या मजकुरात मिसळत नाही. फाइलच्या आत पानाचा मजकूर एका ठिकाणी आणि टिपा दुसऱ्या ठिकाणी, अशी व्यवस्था असते. टीप काढली की मूळ पान जसंच्या तसं. नाथ खूश झाले असते! पण तीच फाइल तुम्ही 'प्रिंट' करून पुन्हा पीडीएफ बनवली, की सहसा दोन्ही थर एक होतात. रेघ पानाचा भाग होते, चिठ्ठीतला मजकूर कित्येकदा गळूनच जातो. Xournal++ नावाचा फुकट प्रोग्राम हाताने लिहायला उत्तम आहे. पण त्यातून पीडीएफ बाहेर काढली की तुमचं अक्षर पानात कायमचं उमटतं. म्हणून त्याची स्वतःची फाइलही जपून ठेवावी लागते. गूगल डॉक्समध्ये शेरे छान बाजूला दिसतात, पण तिथून पीडीएफ उतरवली की ते सोबत येत नाहीत. सगळ्यांनी मिळून केलेली चर्चा मागेच राहते आणि हाती येतो तो गुळगुळीत मजकूर. कुणी काय आक्षेप घेतला होता, याचा मागमूस नाही.

याची उलट बाजू त्याहून धोक्याची. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, पिवळा लेप देत. आपला वाक्प्रचार तिथूनच आला. हल्ली लोक आधार क्रमांकावर पीडीएफमध्ये काळा चौकोन ओढतात आणि झाकलं म्हणून फाइल पाठवून देतात. तो चौकोनही अनेकदा टीपच असतो. समोरच्याने तो बाजूला केला, की आकडा खाली जसाच्या तसा. झाकणं वेगळं, खोडणं वेगळं. पोथीवर ओला कपडा फिरवायला निदान हिंमत लागायची. इथे एक बोट पुरतं.

आता नावाचा प्रश्न. महानुभावांचं लीळाचरित्र मूळ पोथी हरवल्यावर शिष्यांनी आठवणीतून पुन्हा उभं केलं. आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा त्यांनी काय केलं? एक खरी धरून बाकीच्या पुसल्या नाहीत. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, अशा नावानिशी वेगळ्या आठवणी नोंदल्या. सातशे वर्षांनंतरही आपल्याला कळतं, की हे कोण म्हणालं. आणि आमच्याकडे शेरे मारलेल्या फाइली येतात, त्यात शेरा कुणाचा? 'यूजर'चा. 'गेस्ट'चा. नाहीतर संगणक ज्या दुकानातून घेतला त्या दुकानाचा! पीडीएफमधल्या टिपेला लेखकाचं नाव आणि तारीख लावायची सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन आपलं नाव एकदा घालायचं, दोन मिनिटांचं काम. शाळेपासून पीएचडीपर्यंत ते करून घेणारे कमीच भेटतात.

मग फुकट. फुकटचे प्रकार तीन, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला, प्रोग्राम तुमच्या यंत्रावर बसतो आणि फाइल तुमच्याकडेच राहते. ओक्युलर, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स ही त्याची उदाहरणं. दुसरा, कंपनी आपला एक भाग मोफत देते. अ‍ॅडोबीच्या फुकट रीडरमध्ये कुठल्याही पीडीएफवर चिठ्ठी लावायची सोय 2010 च्या आवृत्तीपासून आली, त्याआधी फाइल बनवणाऱ्याने परवानगी दिलेली असावी लागे. म्हणजे देणारा ठरवतो, केव्हा आणि किती. तिसरा, संकेतस्थळावर फाइल चढवा, टीप लिहा, उतरवून घ्या. सातबारा, दवाखान्याचे कागद, पोरांचे दाखले लोक असे परक्याच्या यंत्रावर चढवतात आणि वर म्हणतात, फुकटात काम झालं. आमचा सल्ला सरळ आहे. घरचा कागद असेल तर पहिला प्रकार.

पीडीएफ हा प्रकार 2008 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. एका प्रोग्रामात नीट जतन केलेली टीप दुसऱ्यात उघडावी, अशी अपेक्षा धरायला त्यामुळे जागा आहे. टीप लिहिण्याआधी ही परीक्षा घ्या. एक चिठ्ठी लावा, जतन करा, दुसऱ्याच प्रोग्रामात उघडा. दिसली तर पुढे चला.

मराठीची अडचण वेगळीच. आपल्याकडच्या असंख्य पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो. त्यात शब्द नसतात, फक्त शाईचे डाग. ओळीवर बोट फिरवून ती ठळक करायला जावं तर काहीच पकडत नाही. काही फाइली जुन्या फाँटांत बनवलेल्या. त्यातून ओळ उचलून टिपेत चिकटवली की इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. फोटोच्या पानांना टेसरॅक्टसारख्या फुकट साधनाने मराठी शब्दांचा थर देता येतो. चुका राहतात, जोडाक्षरांत जास्त राहतात. तरी शोधता येण्याजोगं पान आणि मुकं पान यात फरक पडतोच. संस्थांनी नवे कागद तरी युनिकोडमध्ये द्यावेत, ही मागणी आपण वाचक म्हणून करायला हवी.

आपल्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 45 या काळात मौलाना आझाद कैदेत होते. पुस्तकाच्या समासात लिहीत वाचण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. त्यांच्या संग्रहातल्या पुस्तकांवरच्या या नोंदी गोळा करून उर्दूत वेगळं पुस्तक निघालं, म्हणून त्या कपाटाबाहेर आल्या. आपल्याकडे किती कीर्तनकारांच्या, किती शिक्षकांच्या प्रती अशाच भरलेल्या असतील? माणूस जातो, मागून प्रत रद्दीत जाते. कागदावरची टीप त्या एका प्रतीला बांधलेली असते. संगणकावरची टीप हजार जणांना देता येते, तीही मूळ न बिघडवता. ही खरी नवी गोष्ट आहे, आणि तीच आपण वापरत नाही.

कारण आपल्या टिपाही तशाच असतात. 'छान'. 'बघणे'. तीन प्रश्नचिन्हं. पानभर पिवळं. सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक होत नाही. आपला जिल्हा सहकाराचा. सप्टेंबरअखेर सोसायट्यांच्या, पतसंस्थांच्या वार्षिक सभा होतात, अहवाल आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. त्यावर सभासदाने 'गोंधळ आहे' असं लिहिलं तर अध्यक्ष हसून पुढचा विषय घेतील. पण त्या आकड्यावरच चिठ्ठी लावली, की मागच्या अहवालातली अखेरची शिल्लक आणि यंदाची सुरुवातीची शिल्लक जुळत नाही, खाली नाव, तारीख, आणि अशी प्रत पन्नास सभासदांकडे गेली, तर उत्तर द्यावं लागतं. जागा, मुद्दा, कारण, नाव. चांगल्या टिपेला एवढंच लागतं, आणि यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. साधन कुठलंही घ्या, पण टीप मुळापासून वेगळी ठेवा, तिच्यावर नाव घाला, आणि ती आपल्या हातात राहील अशा ठिकाणी लिहा. नेवाशाच्या टीकेला सातशेहून जास्त वर्षं झाली आणि आपण ती अजून वाचतोय. आपली टीप निदान पुढच्या सभेपर्यंत तरी टिकावी.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.