उसनी खोली आणि निनावी भाडेकरू : मराठीतील समलिंगी जीवनाच्या वाचनयादीविषयी

समलिंगी आणि उभयलिंगी जीवनावर काय वाचावे, असा प्रश्न नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याने विचारला, तर त्याच्या हाती बहुधा इंग्रजी ग्रंथांची यादी पडते. त्या यादीची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिच्यामागे एक कथानक गृहीत धरलेले असते : व्यक्तीला स्वतःची ओळख पटते, ती काही काळ लपवली जाते, मग एका क्षणी ती कुटुंबाला आणि जगाला सांगितली जाते. या सांगण्यालाच आपण आता ‘कमिंग आउट’ म्हणू लागलो आहोत. बाहेर येण्यासाठी आधी आत असावे लागते, आणि आत असण्यासाठी स्वतःची म्हणावी अशी एक खोली लागते. मराठी संहिता या कथानकाला सहजासहजी वश होत नाहीत, त्याचे कारण बहुधा इथेच आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा देव उभी केली. ‘धाडसी विषय’ या एका शब्दयोजनेत या नाटकाची बोळवण करण्याची सवय आपल्या समीक्षेला फार काळ होती. विषयापेक्षा रचना पाहिली तर वेगळे काही दिसते. मित्रा आपल्या देहाचे सत्य एकाच माणसाला, बापूला, सांगते. प्रकटीकरण घडते खरे, पण एका श्रोत्यापुरते. आणि तो श्रोता स्वतः तिच्याकडे ओढला गेलेला पुरुष असून नाटकाचा निवेदकही तोच आहे. म्हणजे मित्राची गोष्ट मित्राची राहत नाही. तिला आणि नामाला भेटण्यासाठी जी खोली मिळते तीही बापूचीच. निवेदन उसने, खोलीही उसनी. मित्राच्या वाट्याला पुढे येते ते प्रकट होणे नव्हे, तर उघडकीस येणे, आणि मराठीने या दोन क्रियापदांत राखलेला भेद समीक्षेने जपायला हवा. पहिल्यात कर्ता ती व्यक्ती असते, दुसऱ्यात इतर.

नाटकाचा शेवट मित्राच्या मृत्यूत होतो, यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले आणि ते अनाठायी नाहीत. समलिंगी नायिकेला जगू देण्याची कल्पनाच त्या संहितेला करता आली नाही. परंतु प्रस्तुत लेखकास अधिक खटकते ती नामाची वासलात. नामाला मित्राविषयी ओढ आहे, दळवीशी तिचे संबंध आहेत, आणि अखेरीस ती लग्नाच्या मार्गाने निघून जाते. तिला आपण चंचल, भित्री किंवा स्वार्थी ठरवून मोकळे होतो. तिच्या दोन्ही ओढी खऱ्या असू शकतील, ही शक्यता बापूच्या निवेदनात शिरतच नाही.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला, आणि २०२२ साली लेखकाने स्वतः तिच्यावर चित्रपट केला. तो पुण्याऐवजी केरळात घडतो. त्या स्थलांतराने कादंबरीतील मराठी घराची घट्ट वीण सैल झाली, असे माझे मत आहे. पुण्यातील जोशी कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो. तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते, आणि तो तिला सोडून गेल्यावर परत येते. पूर्वार्ध तनयचा, त्या तरुणाला उद्देशून ‘तू’ म्हणत केलेला. उत्तरार्ध अनुजाच्या रोजनिशीचा. एकाच दुःखाची ही दोन रूपे शेजारी ठेवण्यात कादंबरीचे खरे सामर्थ्य आहे. अनुजाच्या दुःखाची घरात लाज वाटते, पण त्याला नाव आहे. त्यावर बोलणी होतात, उपचार होतात. तनयच्या दुःखाला त्याच घरात उच्चारच नाही. इथेही प्रेमाला जागा मिळते ती भाड्याने दिलेल्या खोलीत. तनय स्वतःच्याच घरात पाहुणा होऊन त्या खोलीत जातो.

आणि तो भाडेकरू? त्याला नाव नाही, आणि निवेदनाचा एक परिच्छेदही नाही. दोघांना हवा असलेला आणि बहुधा दोघांनाही खरोखर हवे म्हणणारा हा माणूस नामासारखाच बाहेरून पाहिला जातो. पंचवीस वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या दोन महत्त्वाच्या संहितांत उभयलिंगी आकर्षण असलेले पात्र निघून जाते आणि मागे उरलेले त्याची गोष्ट सांगतात, हा केवळ योगायोग मानता येत नाही. आपल्या भाषेची स्थितीही काही वेगळी नाही. ‘उभयलिंगी’ हा शब्द विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो शाळेच्या जीवशास्त्रात, गांडुळाच्या संदर्भात. ‘उभयलैंगिक’ असा पर्याय सुचवला जातो. तो अधिक अचूक आहे, पण अजून कुणाच्या तोंडी बसलेला नाही.

या विषयाला मराठीत पूर्वपरंपरा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ या काळात चालले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापील उत्तरे देणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. त्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरील प्रश्न होते. अशा उत्तरांवरून भरलेल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्व्यांची वकिली केली. खटला ते हरले. वाङ्मयप्रकार म्हणून या पत्रांकडे आपण पाहिलेले नाही. निनावी प्रश्नकर्ता, संपादकाचे कोरडे उत्तर, आणि ते चोरून वाचणारे इतर अनेक : नाव न सांगता सत्य सांगण्याची ही पद्धत कमिंग आउटच्या चौकटीत बसत नाही, पण ती लपणेही नव्हे.

यादीत आणखी काही नावे यायलाच हवीत. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांचे ‘पार्टनर’ आणि ‘इंद्रधनु’ हे लेखन कलादृष्ट्या सपाट वाटेल, पण ज्याला माहिती हवी आहे त्याने ते आधी वाचावे. चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’ हे आईचे एकपात्री कथन आहे. सांगणाऱ्याइतकाच ऐकणाराही बदलतो, हे त्यात प्रथमच मध्यभागी येते. श्रीरामपूरशी नाते असलेल्या दिशा पिंकी शेख यांची कविता तृतीयपंथी जीवनातून येते. तिला समलिंगी साहित्याच्या रकान्यात टाकणे चूक होईल. तिच्यापुढे खोलीचा नव्हे, रस्त्याचा प्रश्न आहे. तरी ती शेजारी ठेवून वाचली, की मित्रा आणि तनय यांचे मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय घर किती गृहीत धरलेले आहे ते दिसू लागते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले; २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाही. ज्यांना शहरात खोली भाड्याने मिळते त्यांच्यासाठी पहिल्या निकालाचा अर्थ मोठा आहे. अकोले किंवा पाथर्डीच्या घरात, जिथे तीन पिढ्या दोन खोल्यांत झोपतात, तिथल्या मुलाने वा मुलीने हे सारे कुठे बसून वाचायचे? जिल्हा वाचनालयाच्या टेबलावर ‘कोबाल्ट ब्लू’ उघडून बसता येते, कारण मुखपृष्ठावरून कुणाला काही कळत नाही. ‘इंद्रधनु’ तसे उघडता येईल का, याचा विचार यादी करणाऱ्याने करावा. आणि नामाचे किंवा त्या भाडेकरूचे स्वगत अजून कुणी लिहिलेले नाही, ही जागा यादीत कोरी ठेवावी.