‘हिंद स्वराज्य’मधील डॉक्टर-प्रकरण आणि ‘काढणे’ हे क्रियापद

गांधीजींच्या ‘हिंद स्वराज्य’मधील डॉक्टरांविषयीचे प्रकरण बहुधा दोन प्रकारे वाचले जाते. कोणी ते आधुनिकतेवरील अतिरेकी हल्ला म्हणून बाजूस सारतात, तर कोणी संयमाचा उपदेश म्हणून शिरोधार्य मानतात. त्यातील युक्तिवाद युक्तिवाद म्हणून तपासण्याचे काम मात्र मागे राहते. १९०९ च्या नोव्हेंबरात बोटीवर गुजरातीत लिहिलेल्या या पुस्तकाविषयी १९३८ साली वर्ध्याजवळच्या सेगावाहून निवेदन पाठविताना, त्यात मांडलेली मते बदलावीत असे काही आढळले नाही, असे गांधीजींनी कळविले. १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती. तिनेही हे मत ढळले नाही. ज्या मताला लेखक जन्मभर चिकटून राहिला, त्याची छाननी करणे हा त्याचा अनादर नव्हे.

युक्तिवाद थोडक्यात असा : मनुष्य अति खातो, त्यास अपचन होते, डॉक्टर गोळी देतो, तो बरा होतो आणि पुन्हा अति खातो. यात वस्तुतः दोन विधाने एकत्र गुंफलेली आहेत. पहिले असे की, परिणाम दूर केला तरी कारण शिल्लक राहते, म्हणून परिणाम परततो. दुसरे असे की, ते कारण म्हणजे मनाचे दौर्बल्य होय.

या विधानांची कसोटी घेण्यास चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेइतके चोख उदाहरण क्वचितच सापडेल. इटली व फ्रान्समध्ये १९७० नंतरच्या दशकात ती रूढ झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील सुमारे नऊ ते साडेदहा किलो चरबी काढण्यात आली. परंतु दहा-बारा आठवड्यांनंतरही रक्तदाब, रक्तशर्करा इत्यादींत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला कोलोरॅडो विद्यापीठातील प्रयोग अधिक बोलका आहे. त्यातील बत्तीस स्त्रिया स्थूल नव्हत्या व राहणी न बदलण्याचे त्यांनी मान्य केले होते. शस्त्रक्रिया झालेल्या गटात सहा आठवड्यांनी चरबी घटलेली होती. वर्षअखेर मात्र दोन्ही गटांतील फरक मावळला. मांडीवरची चरबी परतली नाही, ती पोटाकडे साठली.

म्हणजे पहिले विधान टिकते. दुसरे टिकत नाही. या स्त्रियांचा संयम ढळल्याचे कोठेही दिसत नाही. शरीरानेच आपला एकूण साठा भरून काढला. प्रौढ वयात मेदपेशींची संख्या जवळजवळ स्थिर असते व दरवर्षी त्यांतील सुमारे दशांश पेशी नव्या येतात, हे २००८ साली दाखविण्यात आले. अशा व्यवस्थेवर नैतिक दोषारोप करणे म्हणजे श्वासोच्छ्वासास हट्टी म्हणण्यासारखे आहे. तथापि राहणीचा वाटा शून्य नाही : ब्राझीलमधील २०१२ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर नियमित व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांच्या उदरातील खोल चरबी वाढली, करणाऱ्यांची वाढली नाही.

येथे भाषेचाही काही अपराध आहे. ‘काढणे’ हे क्रियापद मराठीत दोन भिन्न जातींच्या कर्मांसह येते. काटा काढला, दात काढला, की तो गेला. तण काढले, नखे काढली, की ती पुन्हा येणारच. ‘चरबी काढणे’ हा प्रयोग रूपाने दोहोंस सारखाच; रुग्ण तो पहिल्या जातीचा समजतो, शरीर मात्र दुसऱ्या जातीचे वागते. शिवाय ‘अंगावर चरबी चढणे’ म्हणजे माजणे, ‘चरबी उतरविणे’ म्हणजे माज जिरविणे. शब्दातच दोषारोप मुरलेला असल्याने गांधीजींचे दुसरे विधान मराठी वाचकास पुराव्यावाचून पटते. ‘मेद’ हा शब्द या आरोपापासून मुक्त आहे; सप्तधातूंपैकी तो एक.

सारांश, हे प्रकरण उपचाराची परीक्षा बरोबर करते व रोग्याची चूक. हा भेद निव्वळ शाब्दिक नाही. तो न केल्यास स्थूल मनुष्याच्या वाट्यास शस्त्रक्रियेची खोटी आशा आणि ती फसल्यावर दुबळेपणाचा ठपका, अशी दुहेरी हानी येते. वर्धा जिल्ह्यातील कपाशीच्या शेतात एका हंगामात अनेकदा निंदण करावे लागते. तण परतले म्हणून निंदणाऱ्या बाईस तेथे कोणी दुर्बल मनाची म्हणत नाही. १९६९ पासून सेवाग्रामातच वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. अशा परिसरात या प्रकरणाचे अध्यापन करताना त्याचे पहिले विधान स्वीकारून दुसरे नाकारणे, हेच त्याचे न्याय्य वाचन ठरेल.