ओझोनच्या विवराची सोयीस्कर गोष्ट

ओझोनच्या विवराचा शोध कसा लागला हे वर्गात सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचा उपग्रह अंटार्क्टिकावरचा ओझोन वर्षानुवर्षे मोजत होता. पण ‘इतका कमी ओझोन असूच शकत नाही’ असे गृहीत धरून संगणकाला आज्ञा दिलेली होती, आणि संगणक कमी आकडे मुकाट्याने फेकून देत होता. शेवटी जुनाट उपकरण घेऊन बर्फात बसलेल्या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ते विवर शोधले, आणि नासाची फजिती झाली.

गोष्ट रंजक आहे. तिच्यात गर्विष्ठ आणि साधा असे दोन पक्ष आहेत आणि शेवटी साधा जिंकतो. लोकप्रिय पुस्तकांत, वृत्तपत्रांत, संख्याशास्त्राच्या वर्गांतसुद्धा ती फिरत असते. अडचण एवढीच, की तिच्यातली मुख्य घटना घडलेलीच नाही. फ्रीडरिश पुकेल्सहाइम या जर्मन संख्याशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच या गोष्टीची छाननी करून तिच्यातला दोष दाखवला होता. तरी ती टिकून आहे. एखादा तपशील चुकला म्हणून मी हे लिहीत नाही. वैज्ञानिक नोंदी कशा सांभाळायच्या आणि एकमेकांना कशा उपलब्ध करून द्यायच्या, याविषयी ही गोष्ट नेमका उलटा धडा देते, हा माझा आक्षेप आहे.

आधी प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. वातावरणातला ओझोन ‘डॉब्सन एकक’ या मापाने मोजतात. आपल्या डोक्यावरच्या हवेच्या स्तंभातला सगळा ओझोन जमिनीच्या पातळीवर, शून्य अंश सेल्सियस तापमानाला एकत्र आणला, तर त्याचा जेवढ्या जाडीचा थर होईल, त्यावरून हे माप ठरते. १०० एकके म्हणजे १ मिलिमीटर. ३०० एकके म्हणजे फक्त ३ मिलिमीटर, आणि जगात सरासरीने साधारण एवढाच ओझोन असतो.

अंटार्क्टिकावरील हॅली या ब्रिटिश तळावर १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने ओझोनची मोजणी सुरू झाली. उपकरण होते डॉब्सन यांचा वर्णपटमापक. सूर्यप्रकाशातील दोन तरंगलांबींची तीव्रता तो ताडून पाहतो. यांतली एक तरंगलांबी ओझोन जास्त शोषतो, दुसरी कमी. सुरुवातीच्या वर्षांत हॅलीवरील ऑक्टोबर महिन्याची सरासरी ३०० एककांच्या आसपास असे. १९८४ मध्ये ती २०० च्या आसपास उतरली होती. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी ही घट मे १९८५ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध केली. आकड्यांवर त्यांनी लगेच विश्वास ठेवला नव्हता. जुने उपकरण बिघडले असेल ही शंका होतीच. १९८२ च्या सुमारास ते बदलून दुसरे आणले गेले, आणि तेही कमीच आकडे दाखवू लागले, तेव्हा शंकेला फारशी जागा उरली नाही.

आता नासाकडे वळू. ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावर ‘टॉम्स’ नावाचे ओझोन मोजणारे उपकरण होते. रोज जमा होणाऱ्या आकड्यांच्या ढिगातून चुकीचे आकडे ओळखण्यासाठी संगणकाला एक नियम दिलेला होता. १८० एककांपेक्षा कमी आकडा आला तर त्यावर ‘संशयास्पद’ अशी खूण करायची. तोवर कोणीही एवढा कमी ओझोन मोजलेला नव्हता, त्यामुळे नियम अवाजवी नव्हता. महत्त्वाचे हे की संगणक खूण करत होता, आकडा पुसत नव्हता. ऑक्टोबर १९८३ च्या आकड्यांत या खुणा एकाएकी वाढल्या, आणि १९८४ मध्ये त्या नासाच्या शास्त्रज्ञांच्या लक्षातही आल्या.

मग त्यांनी काय केले? कोणताही सावध संशोधक करील तेच केले. उपग्रहाचा आकडा खरा मानावा की खोटा, हे ठरवण्यासाठी जमिनीवरची मोजणी शोधली. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळाच्या नोंदींत त्याच काळासाठी ३०० च्या आसपास ओझोन दाखवलेला होता. साहजिकच संशय उपग्रहावर गेला. ध्रुवावरच्या त्या नोंदीच चुकीच्या होत्या, हे पुढे निष्पन्न झाले! तरीही नासातील पवनकुमार भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडण्याचे ठरवून निबंधाचा सारांश पाठवला होता. १९८५ मध्ये ती परिषद भरण्यापूर्वीच फार्मन यांचा लेख प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये नासाच्या रिचर्ड स्टोलार्स्की आणि सहकाऱ्यांनी टॉम्सच्या जुन्या आकड्यांवरूनच दाखवून दिले, की ही घट एका तळापुरती नसून जवळजवळ संपूर्ण अंटार्क्टिक खंडावर पसरलेली आहे. फेकून दिलेले आकडे असे परत येऊ शकले असते का?

प्रचलित गोष्टीतला आणखी एक तर्कदोष विद्यार्थ्यांना स्वतःला सापडू शकेल. संशयाची मर्यादा १८० ची होती. हॅलीवरील १९८४ ची ऑक्टोबर सरासरी सुमारे २०० होती, म्हणजे त्या मर्यादेच्या वर. म्हणजे ३०० पासून खाली येणाऱ्या घसरणीचा मोठा भाग अशा आकड्यांत होता, की ज्यांच्यावर कोणतीच खूण होणार नव्हती. तो दिसण्यासाठी ऑक्टोबरमागून ऑक्टोबर शेजारी शेजारी मांडून पाहायला हवे होते. हे काम गाळणीचे नव्हे, माणसाचे आहे. दोष संगणकावर ढकलला की हा मुद्दा नजरेआड होतो.

गोष्टीत तथ्य अजिबात नाही असे मात्र नाही. अपेक्षेवरून मर्यादा ठरवली की अनपेक्षित गोष्ट दिसायला उशीर होतो, हे खरे आहे. आणि उशीर झालाच. पण तो कशामुळे झाला? एक कारण म्हणजे आकड्यांचा ढीग आणि त्यावर काम करणारी मोजकी माणसे. दुसरे, ताळा घेण्यासाठी वापरलेली नोंदच सदोष असणे. तिसरे, ज्यांच्याकडे पूरक नोंदी होत्या ते एकमेकांपासून दूर असणे. हॅलीचे आकडेही कित्येक वर्षे हाताने लिहिलेल्या कागदांवर पडून होते. ते संगणकात भरण्याचे कंटाळवाणे काम तरुण शँकलिन यांच्याकडे आले होते. जपानच्या शोवा या तळावर शिगेरू चुबाची यांनाही १९८२ मध्ये फार कमी ओझोन आढळला होता, आणि १९८४ मध्ये ग्रीसमधील परिषदेत त्यांनी तो मांडलाही. पण त्यांची मांडणी मुख्यतः एका वर्षाच्या नोंदींची होती, दीर्घकाळच्या घटीची नव्हती. त्यामुळे तिचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. हॅलीच्या नोंदींतून घट केव्हापासून आहे ते कळले, तर टॉम्सच्या नोंदींतून ती कुठवर पसरली आहे ते. दोन्ही एकत्र आल्या तेव्हाच चित्र पुरे झाले.

लोकप्रिय गोष्ट यातले काहीच सांगत नाही. उलट ती मुलांच्या मनावर असे ठसवते, की उपकरणातून येणारा कच्चा आकडा म्हणजे सत्य आणि त्यावर केलेली प्रत्येक प्रक्रिया म्हणजे लबाडी. वातावरणविज्ञानात असा शुद्ध आकडा मिळतच नाही. हवेतील धूळ आणि धुके यांमुळे डॉब्सनच्या उपकरणाच्या मापनात कसा फरक पडतो, हे के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर यांनी १९४९ मध्येच दाखवले होते. म्हणजे आकड्याबरोबर त्या दिवशीची हवा कशी होती, हेही लिहिलेले असल्याखेरीज तो आकडा पुरता वाचता येत नाही. ‘आकडे बदलले, म्हणजे फसवणूक केली’ हा आरोप हवामानबदलाच्या वादात आज वारंवार ऐकू येतो. ओझोनची ही खोटी गोष्ट त्या आरोपाला नकळत खतपाणी घालते.

आकडा खरोखरच फेकून दिला तर काय होते, याचे उदाहरण हवे असेल तर ते दुसरीकडे आहे. जपानी जहाजांनी मोजलेल्या समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या जुन्या नोंदींचा ‘कोबे संग्रह’ प्रसिद्ध आहे. त्यातील काही नोंदी अमेरिकी हवाई दलाने संगणकासाठी उतरवून घेताना दशांशस्थळाचा अंक सोडून दिला. २०.७ चे २० झाले. परिणामी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला उत्तर प्रशांत महासागर होता त्यापेक्षा थंड भासू लागला. हे कोडे २०१९ मध्ये डुओ चॅन, पीटर ह्युबर्स आणि सहकाऱ्यांनी सोडवले. त्यासाठी वेगवेगळ्या देशांच्या जहाजांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागल्या, आणि त्या सर्व संशोधकांसाठी खुल्या होत्या म्हणूनच हे शक्य झाले. विद्यार्थ्यांना ०.० पासून ०.९ पर्यंतच्या दहा अंकांची सरासरी काढायला सांगा. ती ०.४५ येते. दशांश नुसता कापल्याने सरासरीत एवढी खोट येऊ शकते. गेल्या शतकातली तापमानवाढ सुमारे एका अंशाची असताना ही खोट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

उपग्रहांच्या तापमाननोंदींचेही असेच झाले. रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी १९९० पासून मांडलेल्या आकड्यांत खालच्या वातावरणाची तापमानवाढ फारशी दिसत नव्हती. १९९८ मध्ये वेंट्झ आणि शाबेल यांनी दाखवले, की उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येत असल्याचा परिणाम हिशेबात धरलेला नाही. २००५ मध्ये मिअर्स आणि वेंट्झ यांनी आणखी एका दुरुस्तीत अधिक-उण्याचे चिन्हच उलटे पडल्याचे दाखवले, आणि मूळ संशोधकांनी ती सुधारणा स्वीकारली. दुसऱ्या गटाला तेच मूळ आकडे हाताळता आले नसते, तर हा वाद नुसता मतांचा राहिला असता.

या सगळ्यातून नोंदींविषयी तीन नियम निघतात. संशयास्पद नोंद पुसू नये, तिच्यावर खूण करावी. नोंदीबरोबर उपकरण, जागा, वेळ आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती लिहून ठेवावी. आणि मूळ नोंद व दुरुस्त नोंद, दोन्ही इतरांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. तिसरा नियम पाळणे सर्वांत कठीण असते, कारण तिथे मालकी आणि पैसा यांचे प्रश्न येतात. जागतिक हवामान संघटनेने १९९५ मध्ये आवश्यक हवामाननोंदींची मुक्त देवाणघेवाण व्हावी असा ठराव केला, आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक व्यापक धोरण स्वीकारले. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी ३०६ पर्जन्यमापक केंद्रांच्या आधारे १८७१ पासूनची पावसाची मालिका तयार करून प्रसिद्ध केली. मॉन्सूनवरच्या कितीतरी संशोधकांचे काम या मालिकेवर उभे आहे.

शिक्षकांनी काय करावे? ओझोनची गोष्ट टाकून देऊ नये, ती पुरती सांगावी. खुणांची, ध्रुवावरच्या चुकलेल्या नोंदीची आणि कागद भरणाऱ्या शँकलिन यांची गोष्ट मूळ गोष्टीपेक्षा कमी रंजक नाही. त्यानंतर विद्यार्थ्यांपुढे एक प्रश्न ठेवावा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला अवघा ७३. तुम्ही नोंदी तपासायला बसला असता, तर यांतली कोणती चूक ठरवली असती? आणि चूक नाही हे कसे सिद्ध केले असते? शेजारच्या केंद्रांच्या नोंदी पाहू, पूर कुठे आला ते पाहू, असे मार्ग मुले स्वतःच सुचवतात.

शाळेत पर्जन्यमापक असेल तर त्याची नोंदवही उघडून पाहावी. तिच्यात कोरा राहिलेला दिवस आणि शून्य पावसाचा दिवस यांत फरक केला आहे का? सुट्टीनंतर दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले असेल तर तसे लिहिले आहे का? मापक गच्चीवरून अंगणात हलवला, तर त्याची तारीख आहे का? खाडाखोड पांढऱ्या शाईने झाकली आहे, की मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारली आहे? दहा वर्षांनी ही वही हाती घेणारा विद्यार्थी आपल्याला प्रश्न विचारायला येऊ शकणार नाही. त्याला लागणारी उत्तरे आजच वहीत असायला हवीत.